तिसरा बोंबील

दिवाळे गावच्या कोळीवाड्यात सुमित्राबाईच्या तोंडी लागायचं नाही, हे पोरं चालायला शिकायच्या आधी शिकतात. बाईची शाळा दुसरीतच सुटली. कुणी तसं म्हटलंच तर मान ताठ करून सांगते, "शाला माजी सुटली नाय, मी शालेला सोडली." सही मात्र अशी दाबून करते, की कागद मागच्या बाजूनेही वाचता यावा. नवरा लवकर गेला. तिने बेलापूरच्या बाजारात मासळीची पाटी लावून मुलगा वाढवला, घरावर दुसरा मजला चढवला, आणि सून आजारपणात गेली तेव्हा रांगती नात मांडीवर घेतली. ती नात म्हणजे नमिता. आज ती शाळेत बाई आहे. सुमित्राबाईच्या मते दिवाळ्यात शहाणी माणसं दोनच, एक ती स्वतः आणि दुसरी नमिता. मुलगा गोटीराम बोट चालवतो, टेम्पो चालवतो, कर्ता माणूस आहे. पण शहाण्यांत त्याची गणती नाही.

तर या नमिताचं लग्न ठरलं. पोरीने स्वतःच जमवलेलं. मुलगा ऋषी, राहायला करंजाड्याला, मूळचा साताऱ्याकडचा. आई सुनीती बँकेत. मुलाबद्दल सुमित्राबाईचं म्हणणं नव्हतं. "पोरगा चांगला हाय. मासली खातो, आन् काट्याला भीत नाय." तिला पारखायची होती ती पोराची आई. नवरा काय, सकाळी कामाला जाणार, संध्याकाळी येणार. आपल्या पोरीने आई अशी बघितलीच नाही. लग्नाच्या निमित्ताने का होईना, तिला एक मिळावी. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. असलं बोलायला तोंड लागतं तसं तिचं नव्हतं. तिचं तोंड निराळ्या कामाचं.

आणि सुनीती पहिल्यांदा दिवाळ्याला आली, तीच गाडीतून उतरताना पर्समधून रुमाल काढून. जेट्टीच्या वाटेवर बांबूंवर बोंबील वाळत घातलेले होते. तिथे ती थबकली, रुमाल नाकाला लावला आणि तसाच धरून घरापर्यंत आली. सुमित्राबाई ओट्यावर उभी होती. तिने पाहिलं. त्या घडीपासून तिच्या लेखी सुनीती म्हणजे तो रुमाल. वर साडी होती, खाली चपला होत्या, मधे माणूस होतं, ते काही तिला दिसलं नाही.

"अगं आजी, त्यांना सवय नाहीये वासाची," नमिता म्हणाली.

"मना कुनी सवय लावलीवती? जलमली तवा माज्या नाकात कापूस घातलावता काय?"

शाळेत आठवीला नमिता एक निराळाच तास घ्यायची. धडा नाही, कविता नाही. मोबाइलवर आणि टीव्हीवर जे दिसतं ते कसं बघायचं, याचा तास. मध्यंतरी कुठल्यातरी दुसऱ्याच मुलखातल्या पुराचा व्हिडिओ "आपल्या बेलापूरचा" म्हणून फिरला होता आणि निम्मा वर्ग घाबरून घरी बसला होता, तेव्हापासून तिने हे मनावर घेतलेलं. परदेशातल्या शैक्षणिक फिल्मा आणून दाखवायची. पोरं बघायची, पण गोऱ्या माणसांच्या निवडणुका आणि गोऱ्या माणसांच्या जाहिराती, त्यांना त्यात काय आपलं वाटणार? मागच्या बाकावर जांभया. मग नमिताने ठरवलं, आपणच एक फिल्म करायची. आणि फिल्ममधलं माणूस? ते घरातच होतं, ओट्यावर कोयता घेऊन बसलेलं.

"तू फक्त रोजच्यासारखी बस," नमिता म्हणाली. "मी मोबाइल लावून ठेवते. मग एकाच शूटिंगच्या दोन फिल्मा करणार. एकीत तू देवमाणूस दिसशील, दुसरीत खाष्ट."

"दुसरीला मेहनत नाय लागनार," गोटीराम टेम्पो पुसता पुसता म्हणाला.

"तू गप रं. टायर पुस." मग नातीला, "आन् खरी कंची?"

"तेच तर पोरांनी शोधायचंय. कुठे कात्री मारली, कुठलं वाक्य उडवलं, मागे कुठलं संगीत टाकलं. शेवटी तिसरी फिल्म दाखवायची, बिनकात्रीची, सगळी."

सुमित्राबाईला हा सगळा रिकामटेकडेपणा वाटला. तिचा नियम साधा. दुसऱ्याने सांगितलेलं निम्मं सोडून द्यायचं, आपल्या डोळ्यांनी बघितलेलं पुरं धरायचं. त्यासाठी तास कशाला? पण नात म्हणते म्हटल्यावर तिने नवं लुगडं नेसलं, केसांत अबोली माळली आणि पापलेट कापायला अशी बसली, की पापलेटालाही मान वाटावा.

कापता कापता हळदीच्या गाण्यांचा विषय निघाला. त्यांच्यात हळदीला विहिणीवर गाणी होतात. विहिणीला नावं ठेवायची, चारचौघींत टाळ्या वाजवून ठेवायची, आणि समोरच्या बायकांनी तिथल्या तिथे उलटा जबाब द्यायचा. ज्या विहिणीवर गाणं झालं नाही ती विहीण मनात रुसते. आणि जी जबाब देत नाही, तिच्याशी सोयरीक लागली असं म्हातारीकोतारी धरत नाहीत. सुमित्राबाई ही गाणी जुळवण्यात गावात पहिली. नातीच्या लग्नाचं तर तिने रुमाल दिसला त्याच रात्री जुळवलं होतं.

"चाल मागून शिकवते. आदी नुसते शब्द ऐक," असं म्हणून तिने कोयत्याने एक तुकडा पाडला, आणि मोबाइलकडे बघत खणखणीत आवाजात म्हणून दाखवलं:

"करंजाड्याची विहीन आली, रुमाल नाकावरती,
पाय पडंना भुईला तिचा, मान आभालावरती!
च्याला म्हनते साखर कमी, पान्याला म्हनते खारा,
असली विहीन टोपलीत घाला, खाडीच्या पार मारा!"

पुढेही होतं. पण तेवढ्यात कोयता पुन्हा खाटकन पडला, आणि नमिताला तिची कात्री कुठे मारायची ते कळलं.

शाळेत तास रंगला. पहिल्या फिल्ममध्ये मागे बासरी, आजी मांजराला माशाचं शेपूट देतेय, सूर्य मावळतोय. पोरं म्हणाली, किती गोड आजी! दुसऱ्या फिल्ममध्ये मागे धडधड ढोल, कोयत्याचं पातं जवळून, आणि आजी तोंडावर अंधार घेऊन म्हणतेय, असली विहीन टोपलीत घाला. पोरं गार. मग तिसरी सगळी बघितली तेव्हा वर्गात असा गोंधळ झाला, की शेजारच्या वर्गाच्या बाई येऊन उभ्या राहिल्या. एका पोराने म्हणे हात वर करून विचारलं, "मॅडम, म्हणजे माझी आजी पण गोड असू शकते?" नमिता हे घरी सांगताना हसून हसून लोळली. सुमित्राबाईही हसली. तिसरी फिल्म तिने स्वतः काही पुरी बघितली नव्हती. पहिल्या दोन बघितल्या आणि म्हणाली, मीच मना किती बगू?

आता ज्या तासात पोरांना शिकवलं की अर्धवट बघून पुढे पाठवू नका, त्याच तासाची फिल्म अर्धवट पुढे गेली, याला काय म्हणावं? गैरहजर पोरांसाठी नमिताने तिन्ही फिल्मा वर्गाच्या ग्रुपवर टाकल्या होत्या. कुणाच्या तरी घरी मधली एकटी आवडली. ती निघाली फिरायला.

सुमित्राबाईला पहिल्यांदा कळलं ते बाजारात. सुरमई घ्यायला आलेली एक बाई तिच्याकडे बघतच राहिली. "अय्या, टोपलीत घाला वाल्या आजी तुम्हीच ना? काय धुतलंत हो विहिणीला!" मग दुसरी आली, तिसरीने सेल्फी काढला. सुमित्राबाईने पदर सारखा केला, सुरमईचा भाव चढवला, आणि दुपारपर्यंत पाटी रिकामी झाली. घरी येताना चालीत असा डौल होता, की शेजारच्या वैदेहीने दारातून विचारलं, "आजी, लॉटरी लागली काय गं?"

"लाटरी तुमाला लागते. मना मान मिलतो."

दारात पाय ठेवला तर नमिता जिन्याच्या पायरीवर बसलेली, हातात मोबाइल, डोळे सुजलेले.

"आजी, तो व्हिडिओ करंजाड्यापर्यंत गेला. त्यांच्या सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर. खाली लिहिलंय, 'बघा, ही आहे होणारी विहीण'. ऋषीच्या आईंना बँकेत कुणीतरी दाखवला. सगळ्या स्टाफसमोर."

"मंग? गानं हाय तो."

"त्यांना काय माहीत गाणं आहे! तू चालीवर म्हटलंच नाहीस, नुसतं बोललीस. वर मी ढोल टाकलेत. आजी, त्या जेवत नाहीयेत नीट. साखरपुडा पुढे ढकलू म्हणाल्या. ऋषी म्हणाला, आईला जरा वेळ दे." नमिताने नाक पुसलं. "मी त्यांना सगळं समजावून लिहिते. तिसरी फिल्म पाठवते परत."

ती लिहायला बसली. लिहायची, पुसायची. सुमित्राबाई खांबाला टेकून बघत होती. सेल्फीचा मान कधीच उतरला. पोरीला आई मिळायची होती, आणि आपल्याच तोंडाने ती खाडीपार धाडली की काय? पण हे कबूल करील ती सुमित्राबाई कसली.

"ठेव तो मोबाइल," ती म्हणाली. "फिल्लम पाठवून विहीन समजावतात काय? तोंडानं सांडलेला तोंडानंच भरायचा. गोटीराम! टेम्पो काढ."

"आता? बर्फ उतरवायचाय, आये."

"बर्फ आपल्या आपन उतरतो, त्याला काय हात लागतो? काढ."

नमिताला तिने बरोबर घेतलं नाही. "तू रडशील, आन् तू रडलीस की मी भांडेन," एवढंच म्हणाली.

करंजाड्याच्या त्या सोसायटीत मासळीचा टेम्पो शिरला तेव्हा वॉचमनने हात आडवा केला. सुमित्राबाईने त्याच्याकडे बघितलं. वॉचमनने हात उभा केला. सातवा मजला. लिफ्टमध्ये दोन बायका होत्या. त्यांनी हिला बघितलं, एकमेकींना कोपर मारलं, आणि एकीने ओढणीचं टोक नाकाला लावून दुसरीकडे बघून डोळा मारला. वास आला म्हणून नव्हे. सुमित्राबाईला कळलं, ही नक्कल आहे, आणि आपली नव्हे, सुनीतीची. या लिफ्टमधून ती बाई रोज बँकेत जाते आणि रोज बँकेतून येते.

दार ऋषीने उघडलं. मागे सुनीती उभी होती, बँकेतून आलेली, अजून गळ्यात ओळखपत्र. आधी ती सुमित्राबाईला "आजी" म्हणायची. आज म्हणाली, "या सुमित्राबाई. बसा. पाणी देते. खारं नाहीये."

लागलं. पण सुमित्राबाईला त्यातही एक गोष्ट बरी वाटली. बाईच्या तोंडाला धार आहे.

"विहीनबाई, तो गानं हाय," तिने सरळ सुरुवात केली. "आमच्यात हलदीला..."

"ऋषीने सांगितलं मला. असेल तुमच्यात रीत. आमच्याकडेही रुखवताला चेष्टा करतात, मी काही आभाळातून पडले नाही. पण चेष्टेत माणूस हसतं. तुम्ही हसत नव्हतात. हातात कोयता होता, आणि माझ्याकडेच बघून बोलत होतात असं वाटलं मला." तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. "आमचे शिपाईकाका रिटायर व्हायला आलेत, ते कधी मान वर करून बोलत नाहीत. त्यांनी पाण्याचा ग्लास ठेवला आणि हळूच म्हणाले, मॅडम, मनावर घेऊ नका. तेव्हा मला रडू आलं."

सुमित्राबाईने पदर खोचला, मांडी घातली आणि सोफ्यावरून सरळ खाली फरशीवर बसली. "आता तोंडावर म्हनते. ऐका." आणि तिने टाळ्यांवर, चालीवर, मान हलवत अख्खं गाणं म्हटलं. रुमाल आला, आभाळावरची मान आली, चहा आला, खारं पाणी आलं, टोपली आली, खाडीपार मारून झालं. आणि जिथे मोबाइलवर कात्री पडली होती तिथे ती थांबली नाही:

"खाडीपार मारली तरी भरतीसंगं आली,
माज्या पोरीला कुशीत घेऊन दुसरी माय झाली!"

ऋषी हसला. सुनीती हसली नव्हती.

"हे शेवटचं तुम्ही आता जोडलंत," ती शांतपणे म्हणाली. "येता येता टेम्पोत."

सुमित्राबाईच्या आयुष्यात तिला खोटारडी म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात दिसत नसे. इथे ती काय म्हणणार? नाही जोडलं, हे सिद्ध कसं करायचं? तिच्या शब्दावर बेलापूरचा बाजार चालतो. पण करंजाड्याच्या सातव्या मजल्यावर तिचा शब्द म्हणजे मोबाइलवर बघितलेली एक बाई.

"आई," ऋषी म्हणाला, "नाही जोडलं. तिसऱ्या फिल्ममध्ये आहे. नमिताने मला तेव्हाच पाठवलीय. मी तुलाही पाठवली होती, तू उघडलीच नाहीस."

"एवढी लांब कोण बघतं?"

"मीपन नाय बगितली," सुमित्राबाई म्हणाली.

मग ती त्यांनी टीव्हीवर लावली. मासळीच्या पाटीएवढी सुमित्राबाई भिंतीवर दिसायला लागली. बासरी नाही, ढोल नाही. कावळे, दूरवरची बोट, आणि गोटीरामचं खोकणं. टोपलीत घाला म्हणून झालं, कोयता पडला, आणि भिंतीवरच्या सुमित्राबाईने कोयता बाजूला ठेवून पुढच्या दोन ओळी म्हटल्या. अगदी याच. मग ती नमिताला म्हणत होती, "वरचा काय पन विसर, ही शेवटची वल इसरू नको. गानं हिच्यासाठीच हाय. वरच्या शिव्या म्हंजे फोडनी. तुजी आई असती ना, ही वल गाताना तिनं वटा हलवला असता." आणि भिंतीवरच्या बाईने माशाचा हात वर ठेवून मनगटाने डोळा पुसला.

खाली बसलेल्या सुमित्राबाईला हे ठाऊकच नव्हतं. आपण डोळा पुसला होता? ती भिंतीकडे अशी बघत राहिली, जशी कुणा नात्यातल्या बाईला खूप वर्षांनी भेटतेय.

सुनीतीने टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "वास आला होता मला. खोटं कशाला सांगू? पोटात ढवळलं. तुमच्या दारात उलटी झाली तर काय वाटेल तुम्हाला, या भीतीने रुमाल धरला. पण सुमित्राबाई, त्यानंतर मी तुमच्याकडे जेवले. आठवतं?"

"आठवतो."

"काय जेवले?"

"बोंबील. तललेले."

"किती?"

सुमित्राबाई छताकडे बघायला लागली.

"दोन खाल्ले. आणि तिसरा मागितला," सुनीती म्हणाली. "मी जन्मात कुणाच्या घरी पहिल्यांदा जाऊन मागून खाल्लेलं नाही. तुमच्याकडे मागितला. तुम्ही म्हणालात, संपले. आणि आत तव्यावर चर्र, चर्र आवाज येत होता."

ऋषीने तोंडावर हात धरला.

"रुमाल बरोबर लक्षात राहिला तुमच्या. तिसरा बोंबील गाण्यात आला नाही. मग कात्री काय एकट्या नमितानेच चालवली?"

आपल्या डोळ्यांनी बघितलेलं पुरं धरायचं, हा सुमित्राबाईचा नियम. आणि डोळ्यांनीच निम्मं सोडून दिलं होतं. ती गुडघ्यावर हात ठेवून उठली. दारापर्यंत गेली. मग वळून म्हणाली, "गानं मी गायली. तोंडावर गायली. आता जबाब तुमचा. जबाब आला तर सोयरीक. नाय आला तर..."

"मला गाता येत नाही," सुनीती म्हणाली.

"मंग एवढ्या वर्सांत बँकेत शिकल्या काय?"

आणि ती गेली. लिफ्टने नाही, जिन्याने. सात मजले. गोटीराम खाली टेम्पोत वितळलेल्या बर्फाचं पाणी बघत बसला होता. त्याने आईच्या तोंडाकडे बघितलं आणि रेडिओ लावला नाही.

घरी नमिताने विचारलं, काय झालं? सुमित्राबाई म्हणाली, जबाबाची वाट बगायची. नमिताने विचारलं, पण त्या काय म्हणाल्या? सुमित्राबाई म्हणाली, तू मोटी मास्तरीन, तुज्या फिल्लममध्ये तुज्या बापाचा खोकला किती आला, कापून टाक. दुसऱ्या दिवशी बाजारात गेली. कुणी टोपलीवरून बोललं तर "माल बग, तोंड बगू नको" म्हणून गप्प बसवलं. तिच्या तोंडची धार गेली म्हणून गिऱ्हाइकं काळजीत पडली. नमिताने त्याच दिवशी शाळेत पोरांना सगळी हकिगत सांगितली, आपली मधली फिल्म एकटी कशी सुटली आणि कुणाला कशी लागली. तो गोड आजीवाला पोरगा म्हणाला, "मॅडम, मी पण दोघांना पाठवली." आणि मग एकेक हात वर यायला लागला.

संध्याकाळी सुमित्राबाई ओट्यावर बोंबील साफ करत बसली असताना नमिताचा मोबाइल वाजला. नमिता आतून धावत आली. चेहरा पांढरा. "ऋषीच्या आईंनी आवाज पाठवलाय. बोललेलं. तुझ्यासाठी."

"लाव."

मोबाइलमधून आधी घसा खाकरल्याचा आवाज आला. मग कुणीतरी टाळी वाजवली, एकटीच, आणि ती चुकली. पुन्हा वाजवली. मग बँकेत खात्याचा नंबर वाचून दाखवावा तशा आवाजात सुनीतीने सुरू केलं:

"दिवाळ्याची विहीण भारी, तोंडाला नाही दार,
एक शब्द मागितला तर पाटीभर देते चार!
मिशेरी लावून हसते अशी, घाबरून पळतो वाघ,
असल्या विहिणीच्या दाराला लावा..."

नमिताने घाईने बोट दाबून आवाज बंद केला. "आग! दाराला आग लावा म्हणतायत. संपलं, आजी. संपलं सगळं." आणि ती रडायलाच बसली.

सुमित्राबाईने हात लुगड्याला पुसले, पोरीच्या डोक्यावर एक टपली मारली. "पोरांना काय शिकवते गं तू? पुरी वल झाली काय? दाब ते बटान."

नमिताने दाबलं.

"...तोरण, विझली आग!
तिसरा बोंबील राहिला माझा, वाढा हो विहीणबाई,
त्याच्याशिवाय मी पोर तुमची घरात घेणार नाही!"

मग मागून ऋषीचा हसण्याचा आवाज, आणि सुनीतीचं, "बंद कसं करायचं हे, अरे चालूच आहे की," आणि संपलं.

नमिता रडता रडता हसायला लागली, आणि ते दोन्ही एकत्र केल्यामुळे तिला उचकी लागली. गोटीराम टेम्पोखालून बाहेर आला. शेजारून वैदेहीने विचारलं, "काय झालं हो?" सुमित्राबाईने तेच पुन्हा लावायला सांगितलं. "विहीणबाई" या शब्दाशी आल्यावर मान हलवली. "चाल बेकार हाय," ती म्हणाली, "पन कोयता चांगला हाय बाईकडं. हलदीला माज्यासमोर बसवायची तिला. मजा येल."

"आजी, त्यांना काहीतरी पाठव ना. थांब, मी लिहिते, काय लिहू?"

"लिऊ नको."

"मग बोल. बोलून पाठवते."

"बोलू पन नको." ती उठली, हातातली बोंबलांची थाळी घेऊन आत गेली, तवा चढवला, तेल ओतलं. तेल तापल्यावर नातीला जवळ ओढलं आणि म्हणाली, "हा मोबाइल हितं धर. तव्याच्या जवल. आन् तोंड बंद ठेव, बापाला पन सांग, खोकू नको."

नमिताने धरला. सुमित्राबाईने एक बोंबील पिठात घोळवला, तेलात सोडला. चर्र झालं. दुसरा सोडला. चर्र. मग तिसरा हातात घेतला, मोबाइलकडे बघून घेतलं, आणि तो जरा उंचावरून, जोरात, आवाज व्हावा असा सोडला.

"आता पाठव," ती म्हणाली. "पुरा पाठव. कापू नको."